सावलीचा जमाखर्च

गोष्ट १९७३ सालची. माझं वय तेरा. तोवर मी पाहिलेली नाटकं म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधली आणि गणेशोत्सवातली. त्या वर्षी पहिल्यांदा तिकीट काढून, आईवडिलांच्या मध्ये बसून मी मोठ्या माणसांचं नाटक पाहिलं. नाशिकला तेव्हा कालिदास कलामंदिर झालेलं नव्हतं. ते झालं १९८७ साली. एका मोठ्या पटांगणावर मांडव घातला होता. पुढे सोफे, मागे लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि त्यामागे आम्ही, बाकांवर. नाटक होतं 'हिमालयाची सावली'. लेखक वसंत कानेटकर.

कानेटकर आमच्या गावचे, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिकिटं काढली होती. एरवी नाटकावर पैसे खर्च करण्याइतके ते उधळे नव्हते, आणि खरं सांगायचं तर उधळण्याइतकं घरात काही नव्हतंही. दादा दिवसा शाळेत मास्तर होते आणि रात्री विडी कामगारांच्या मुलांसाठी वर्ग चालवत. वर्गाच्या खोलीचं भाडं, पाट्या, वह्या, दिव्याचं बिल हे सगळं त्यांच्या पगारातून जाई. उरलेल्यात आई घर चालवी. म्हणजे परकर-पोलकी शिवी, आणि कॉलेजात शिकणाऱ्या चार परगावच्या मुलांना डबे देई.

नाटक संपलं तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. टांग्याचे पैसे वाचवायला आम्ही चालतच पंचवटीकडे निघालो. होळकर पुलावर गार वारा होता, खाली गोदावरी संथ होती. दादा भारावले होते. नानासाहेब भानूंविषयी, त्यांच्या कार्याविषयी बोलत होते. आई बराच वेळ गप्प होती. पुलाच्या मध्यावर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "नानासाहेबांचं सगळे बघतात हो. बायोचं काय झालं, ते कुणी विचारलं का?"

दादा बोलायचे थांबले. घरी पोहोचेपर्यंत कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, आईला नाटक आवडलं नाही.

आवडलं नव्हतं असं नाही. तिला ते नीट कळलं होतं. मला कळायला मधे बरीच वर्षं जावी लागली.

कानेटकरांचं नाव घेतलं की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे आधी येतो तो रायगड, मग 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या, मग 'मत्स्यगंधा'. माणूस सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा. जन्म २० मार्च १९२०. वडील शंकर केशव कानेटकर म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. घरातच कविता होती, पण मुलाने वाट धरली गद्याची. आधी 'घर', 'पंख', 'पोरका' अशा कादंबऱ्या लिहिल्या आणि मग नाटक. नोकरी नाशिकच्या हं. प्रा. ठा. कॉलेजात, इंग्रजीच्या प्राध्यापकाची. मराठी व्यावसायिक रंगभूमीची पेठ मुंबईत, नटही मुंबईचे. आणि त्यांना नाटकं पुरवणारा हा लेखक मात्र नाशिकला राहून लिहीत होता. याच गावात तात्यासाहेब शिरवाडकरही राहत. एका गावात 'नटसम्राट' लिहिणारा आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिणारा, दोघंही असावेत, हे आम्हां नाशिककरांना इतकं नेहमीचं झालं होतं की त्याचं अप्रूप वाटायचं आम्ही विसरलो होतो. १० मार्च १९९९ रोजी तात्यासाहेब गेले आणि वर्षही पुरं व्हायच्या आत, जानेवारी २००० च्या अखेरीस, कानेटकर गेले. तेव्हा गाव एकदम रिकामं वाटलं.

नाशिकचं आणि नाटकाचं नातं तसं जुनं. कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या त्या २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता. इतिहास घडला तो नाटकाच्या मांडवात. कानेटकरांनी पुढे उलटं केलं. इतिहास उचलून त्यांनी तो घराच्या चार भिंतींत आणून ठेवला.

'रायगडाला जेव्हा जाग येते' हे १९६२ सालचं नाटक. तोवर मराठी रंगमंचावरचे शिवाजीमहाराज म्हणजे तलवार, घोडा आणि जयजयकार. कानेटकरांनी दाखवला तो एक थकत चाललेला बाप. मुलगा शूर आहे, पण बापापाशी त्याचं मन मोकळं होत नाही. सोयराबाईंना आपल्या राजारामाची चिंता आहे. कारभारी मंडळींना संभाजीची धास्ती आहे. राज्य उभं राहिलं, पण घर दुभंगलं. गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगमंचावर आणलं. मास्टर दत्तारामांचे शिवाजीमहाराज आणि काशिनाथ घाणेकरांचा संभाजी पाहिलेली माणसं अजूनही त्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात. गडावरचं भांडण आपल्या वाड्यातल्या भांडणासारखं आहे, हे प्रेक्षकाला तिथे उमगलं. राजाला जे जमलं नाही ते आपल्यासारख्या कारकुनाला कुठून जमणार, असा एक विचित्र दिलासाही मिळाला असेल.

त्यांचं पहिलं गाजलेलं नाटक त्याआधीचं, १९५७ मधलं 'वेड्याचं घर उन्हात'. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केलेलं. भालबा केळकरांचं दिग्दर्शन आणि तेव्हा तरुण असलेले डॉ. श्रीराम लागू दादासाहेबांच्या भूमिकेत. मन ढासळलेल्या माणसाभोवती घर कसं होरपळतं, हा विषय. मानसिक आजाराविषयी घराघरांत कुजबुजही होत नसे, त्या काळातलं हे नाटक.

मग १९६१ मध्ये 'प्रेमा तुझा रंग कसा?'. प्राध्यापक बल्लाळ आणि त्यांची बायको प्रियंवदा यांचं घर. वर वर पाहिलं तर खुसखुशीत सुखात्मिका. मुलांची प्रेमं, रुसवेफुगवे, हशा. पण मध्यमवर्गीय घरात तोवर प्रेम ही मुलांनी लपवायची आणि मोठ्यांनी शोधून काढायची वस्तू होती. कानेटकरांनी ती बैठकीच्या खोलीत आणून ठेवली आणि वर विचारलं, लग्न झाल्यावर या प्रेमाचं पुढे होतं काय? प्रेमाच्या नाटकात लग्न हा बहुधा शेवट असतो. इथे खरा प्रश्न लग्नानंतर सुरू होतो. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेतल्या हेडकॅशिअरने मला सांगितलं होतं, "कर्ज मंजूर होणं हा शेवट नव्हे, साहेब. खरी गोष्ट वसुलीत असते." मला बल्लाळ आठवले होते.

'मत्स्यगंधा' १९६४ मधलं. महाभारतातली सत्यवती. पराशराने टाकलेली कोळ्याची पोर, जी दुखावलेल्या प्रेमाचा सूड राजवाड्यात शिरून घेते आणि शेवटी स्वतःच त्यात जळते. पंडित जितेंद्र अभिषेकींचं संगीत, आशालता वाबगावकर आणि रामदास कामत यांचं गाणं, यांमुळे ते संगीत नाटक म्हणून लक्षात राहिलं. पण त्याच्या पोटात कथा आहे ती एका बाईला दिलेलं वचन मोडल्याची, आणि ती किंमत पुढे भीष्मापासून अंबेपर्यंत सगळ्यांनी चुकवल्याची.

१९६६ साली 'लेकुरे उदंड जाली' आलं. मूल नसलेल्या जोडप्याचं दुःख गाण्याबजावण्यात गुंफून सांगणारं, श्रीकांत मोघे यांनी गाजवलेलं. त्याच वर्षी 'अश्रूंची झाली फुले'. प्राध्यापक विद्यानंद म्हणजे तत्त्वाला जागणारा माणूस. संस्थेचा पैसा खाणारे वेगळेच, आणि अफरातफरीच्या आरोपाखाली तुरुंगात जातो हा. बाहेर येतो तो सुडाने पेटलेला. आणि ज्याला त्याने माणसात आणलं तो वाया गेलेला विद्यार्थी, लाल्या, आता पोलीस अधिकारी होऊन त्याच्यासमोर उभा राहतो. प्रभाकर पणशीकरांचे विद्यानंद, घाणेकरांचा लाल्या. हिंदीत त्याचा 'आँसू बन गये फूल' झाला आणि कानेटकरांना कथेचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. बँकेतल्या माणसाला या नाटकात वेगळीच भीती वाटते. कागद बोलतो तेच खरं मानलं जातं. सही कुणी, कुणाच्या भरवशावर केली, हे कागदावर लिहिलेलं नसतं.

ही सगळी नाटकं मी पुढे पाहिली, वाचली. त्यांतले दोषही दिसू लागले. कानेटकरांची पात्रं फार सुंदर बोलतात. घरात इतकं सुंदर कुणी बोलत नाही. टाळीची जागा आधीपासून दिसते. प्रसंग कधीकधी इतक्या वेळेवर घडतात की आगगाडीने शिकावं. १९६७ साली तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं आणि मराठी नाटक वेगळ्याच, रखरखीत भाषेत बोलू लागलं. त्यानंतर कानेटकरांना 'व्यावसायिक' म्हणून बाजूला ठेवण्याची जाणत्या लोकांत पद्धत पडली. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण १९८८ च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद किंवा १९९२ ची पद्मश्री यांपेक्षाही मोठी एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा आहे. नाटकाहून परतताना नवराबायकोंना एकमेकांशी बोलायला, किंवा गप्प बसायला, त्यांनी कारण दिलं. होळकर पुलावर मी ते पाहिलं आहे.

आता पुन्हा 'हिमालयाची सावली'कडे येतो.

हे नाटक १९७२ चं. नानासाहेब भानू हे नाव लेखकाचं असलं तरी त्यामागे महर्षी धोंडो केशव कर्वे उभे आहेत, हे तेव्हाही सर्वांना माहीत होतं. कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि जग त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागलं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, पुढे हिंगण्याला गेला; १९१६ मध्ये महिला विद्यापीठ झालं; १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, कर्व्यांना भारतरत्न मिळालं. हा झाला हिमालय. सावली कशी होती ते बायाबाईंनीच सांगून ठेवलं आहे, 'माझे पुराण' या आत्मचरित्रात. घरात पोरं, हातात पैसा नाही, गावात बहिष्कार, आणि नवऱ्याचं सगळं चित्त आश्रमात. कर्व्यांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. विम्याचा धंदा ज्याला ठाऊक आहे त्याला या एका कृत्याचा अर्थ कळतो. पॉलिसी नवऱ्याच्या आयुष्याची असते, पण ती असते बायकोसाठी.

कानेटकरांनी ही बायो रंगमंचावर आणली ती देव्हाऱ्यातली सोशिक सती म्हणून नव्हे. ती भांडते, करवादते, नवऱ्याच्या थोर मित्रांना चार शब्द सुनावते, आणि त्याच नवऱ्यावर बाहेरच्या कुणी बोट उचललं तर वाघिणीसारखी पुढे येते. डॉ. लागूंचे नानासाहेब सर्वांनी वाखाणले. शांता जोगांची बायो ज्यांनी पाहिली ते तिला विसरले नाहीत. नाटकाचं नावच तपासून पाहा. लेखकाने नाव हिमालयाचं दिलेलं नाही, सावलीचं दिलं आहे. आईच्या हे लक्षात आलं होतं. प्रेक्षक मात्र नेहमीप्रमाणे हिमालय पाहून घरी गेले, असं तिचं म्हणणं होतं.

तिला तसं म्हणायला कारण होतं. नाटकाच्या तीन महिने आधी तिच्या हातातल्या पाटल्या सराफाकडे गहाण पडल्या होत्या. रात्रवर्गाच्या खोलीचं भाडं थकलं होतं. पाटल्या देताना ती काही बोलली नव्हती. त्या जागी तिने काचेच्या बांगड्या भरल्या, आणि कुणी विचारलं तर "शिवताना मशीनला लागतात" असं सांगत असे.

पाटल्या परत आल्या नाहीत. दादांचा रात्रवर्ग पुढे अकरा वर्षं चालला. त्यात शिकलेली पोरं पुढे कंडक्टर झाली, तलाठी झाली, एक डॉक्टर झाला. दादा गेले तेव्हा अमरधामला त्यांची एवढी गर्दी होती की आम्हां भावंडांना पुढे जायला वाट काढावी लागली.

दिवस झाल्यानंतर मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. हिशेबाची वही दिसली की आपोआप बोट आकड्यांच्या रकान्यावरून खाली जाई. एक लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची वही होती. रात्रवर्गाचा जमाखर्च. अक्षर मास्तरांचं, म्हणजे मोत्यासारखं. खोलीभाडं इतकं, रॉकेल इतकं, पाट्या इतक्या. मी पानं उलटत गेलो. शेवटून चौथ्या पानावर वेगळं खातं उघडलेलं होतं. मथळा होता : 'सौ.स देणे'.

पहिली नोंद १९७३ ची. 'पाटल्या, रु. सातशे.' तारीख नाटकाच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे पाटल्या गहाण टाकल्या तेव्हा नोंद नव्हती. पुलावरून आल्यावर झाली. त्याखाली पुढच्या वर्षांच्या नोंदी. 'शिलाईचे पैसे, वर्गाच्या दिव्यासाठी.' 'डब्यांचे पैसे, परीक्षा फी, दोन मुलगे.' दरवर्षी मार्चअखेर रीतसर बेरीज, आणि 'बाकी पुढे ओढली'. अशी ती बाकी १९८४ पर्यंत ओढलेली. जमेच्या बाजूला एकही आकडा नाही.

बँकेच्या भाषेत अशा खात्याला बुडीत म्हणतात. धनकोने मागणी केलेली नाही, ऋणकोने नाकारलेलं नाही, आणि फेड होण्याची शक्यता नाही. मी ती वही आईला दाखवली. चष्मा लावून तिने पान वाचलं. मग म्हणाली, "शिलाई कमी लिहिलीये. पण लिहिलंय." तिने वही मिटली आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. पुन्हा त्याविषयी आम्ही बोललो नाही. कानेटकरांच्या नायिकेने इथे एक पानभर स्वगत म्हटलं असतं. माझ्या आईला दोन वाक्यं पुरली.

एवढं सगळं पाहिल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा. मी झालो नाही. २००१ मध्ये सरकारी बँकांतून स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा माझी चाळीशी उलटली होती आणि डोक्यात एक कादंबरी होती. अर्ज भरून टाकला. बायकोला विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण असं की 'नाही' म्हणायला तिला जागा राहू नये. ती शाळेत शिकवत होती. मुलगी बारावीला होती. पहिली कादंबरी छापून यायला चार वर्षं लागली, आणि तिच्या मानधनात आमच्या घराची रंगरंगोटीसुद्धा झाली नसती. त्या वर्षांत घर कुणी चालवलं, हे सांगायला नको. सत्कारांमध्ये शाल मला मिळे. नारळ ती पिशवीत टाकून घरी आणी आणि दुसऱ्या दिवशी त्याची चटणी करी.

२० मार्च २०२० रोजी कानेटकरांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. नेमक्या त्याच दिवसांत साथीमुळे राज्यातली नाट्यगृहं बंद झाली. शताब्दीच्या दिवशीच पडदा खाली. स्वतः कानेटकरांनी असा प्रसंग लिहिला असता तर टीकाकारांनी त्याला नाटकी म्हटलं असतं. पण त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, 'हिमालयाची सावली' पुन्हा रंगमंचावर आलं होतं. शरद पोंक्षे नानासाहेबांच्या भूमिकेत होते. आम्ही दोघांनी ते पाहिलं.

या खेपेला मी नानासाहेबांकडे पाहिलंच नाही. बायोकडे पाहत राहिलो. आणि अधूनमधून शेजारी. मध्यंतरात वडा खाताना बायकोने विचारलं, "कसला विचार चाललाय?" मी तिला तांबड्या वहीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, "तुमच्या दादांनी निदान वही तरी घातली."

कानेटकरांच्या चाळीसहून अधिक नाटकांत राजे आहेत, प्राध्यापक आहेत, समाजसुधारक आहेत. सगळे कशाच्या तरी ध्यासाने पेटलेले. वाचकहो, मला आता वाटतं की त्यांच्या नाटकाचा खरा विषय तो ध्यास नाहीच. तो ध्यास ज्यांच्या जिवावर चालतो त्यांची फेड कशी करायची, हा आहे. त्याचं उत्तर त्यांच्या नाटकात सापडत नाही. येसूबाई, प्रियंवदा, बायो यांचं देणं शेवटच्या पडद्यापर्यंत बाकीच राहतं. फार तर कुणीतरी, कधीतरी ते मान्य करतं. मला वाटतं, मान्य करणं हीसुद्धा एक नोंद आहे.

त्या रात्री घरी आल्यावर मी एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर मथळा लिहिला : 'सौ.स देणे'. २००१ पासून सुरुवात करायची होती. तिचा पगार, मुलीची फी, आईचं आजारपण, गॅस, वीज. आकडे आठवेनात, कारण ते मी कधी पाहिलेच नव्हते. बराच वेळ टेबलाशी बसून राहिलो. शेवटी आतून आवाज आला, "दिवा बंद करा आता. बिल कुणाला भरायला लागतं?"

ती नोंद मी पहिली केली.